राबाचा काळा चौकोन

ज्योत्स्नाची ओळख लिहायचं काम रोहितनं माझ्या गळ्यात मारलं. आमच्या गेमच्या वेबसाइटवर जुन्याजाणत्या लोकांची छोटी छोटी ओळख असते. "तिची तू लिही, तूच तिला नीट ओळखतेस," म्हणाला. ओळखते ना. तीन वर्षं मी तिच्यावर जळते आहे. ज्याच्यावर जळतो त्याच्या बारीकसारीक गोष्टी जेवढ्या पाठ होतात, तेवढ्या मला माझ्या नवऱ्याच्याही पाठ नाहीत. वेबसाइटवर शंभर शब्दांची एक गोडगोड ओळख देऊन टाकली. त्यात न मावलेलं इथे लिहिते आहे.

मी वैष्णवी. इंदिरानगरात राहते, कॉलेज रोडला एका ऑफिसात शाळांची माहितीपत्रकं आणि दवाखान्यांचे बोर्ड डिझाइन करते. ॲनिमेशनचा कोर्स मी पुण्याला राहून केला, तीन वर्षांचा, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. रोहित आमच्याच सोसायटीतला, शाळेपासूनचा मित्र, प्रोग्रामर. त्यानं २०२१ साली घरबसल्या एक गेम लिहायला घेतला आणि चित्रांसाठी माझ्याकडे आला. गेमचं नाव 'खाचर'. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भातखाचरं, वरून झऱ्याचं पाणी येतंय. कुठे बांध फोडायचा, कुठे बुजवायचा आणि पाणी प्रत्येक खाचरात पोचवायचं. कमी पडलं तरी हरलात, जास्त झालं तरी हरलात. सगळी चित्रं माझी. प्रत्येक चित्र म्हणजे बत्तीस ठिपके रुंद, बत्तीस ठिपके उंच असा एक चौकोन, आणि असे शेकडो चौकोन जुळवून डोंगर तयार होतो.

गेम ओपन सोर्स आहे. म्हणजे काय, ते सासूबाईंना सांगितलं होतं तसंच सांगते. हॉटेलवाला भाजी वाढतो, पण कृती सांगत नाही. आम्ही भाजीही फुकट वाढतो आणि कृतीचा कागदही भिंतीवर चिकटवून ठेवतो. कुणीही यावं, कृती उतरवून न्यावी, घरी करून बघावं आणि मीठ कमी आहे म्हणून आम्हाला कळवावं. पटलं तर आम्ही भिंतीवरचा कागद सुधारतो आणि कळवणाऱ्याचं नाव त्या ओळीखाली कायमचं लिहितो. कागदाला हात मात्र कुणीही लावायचा नाही. ती परवानगी ज्याच्याकडे, त्याच्याकडे 'किल्ली' आहे असं आम्ही म्हणतो. किल्ल्या दोनच होत्या, रोहितची आणि माझी. आणि रोहितचा नियम असा, की किल्ली कुणी स्वतःहून मागायची नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं दुसऱ्याचं नाव सुचवायचं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पैसे कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग करता कशाला?"

उत्तर मला माहीत होतं, पण सुनेच्या तोंडी शोभलं नसतं म्हणून गप्प बसले. नाव राहतं म्हणून करतो. दवाखान्याच्या बोर्डाखाली माझं नाव कुणी लिहीत नाही.

तर या गेममध्ये २०२२च्या फेब्रुवारीत कुणी 'ज्योत्स्ना पेठ' नावाची बाई उगवली. पेठ हे आडनाव असेल असं मला वाटलं. ते तिच्या तालुक्याचं नाव होतं. तिनं पहिल्याच दिवशी एक खेकडा पाठवला. सोबत मोडक्यातोडक्या दोन ओळी, की खेकडे बांधाला भोकं पाडतात आणि रात्रीतून खाचर रिकामं होतं, तुमच्या गेममध्ये खेकडा नाही म्हणून पाणी फार सोपं आहे. रोहित तर वेडाच झाला. आठवडाभर बसून त्यानं खेकड्याचा प्रोग्राम लिहिला. खेकडा बांधावरून तिरका तिरका जातो, थांबतो, भोक पाडतो आणि तुम्ही चिखलाचा गोळा घेऊन धावायचं. त्या एका खेकड्यामुळे आमचा गेम तिपटीनं डाउनलोड झाला. ब्राझीलमधल्या एका माणसानं त्याच्या मुलीचा फोटो पाठवला, तिच्या टी-शर्टवर खेकडा. माझे तीनशे चौकोन वर्षभर तिथे होते. त्यांतला एकही कुणाच्या टी-शर्टवर गेला नाही.

मी तो खेकडा मोठा करून ठिपका ठिपका तपासला. काहीतरी चूक सापडेल म्हणून. त्याच्या पाठीवर तपकिरीच्या पाच छटा होत्या आणि पाचही बरोबर जागी. माझ्या कोर्सच्या सरांनी असं काही बघितलं की ते दोन मिनिटं बोलायचे नाहीत. माझ्या वाट्याला सरांची ती दोन मिनिटं कधी आली नव्हती.

हळूहळू तिची माहिती कळत गेली. कळत गेली म्हणजे काय, मीच उकरून काढली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वडील झिपरू, आई फुलाबाई. भात निघालं की दोघं पोरांना घेऊन पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांवर कामाला यायचे, बागेच्या कडेला ताडपत्री टाकून राहायचे आणि पावसाच्या आधी परत जायचे. ज्योत्स्ना आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली. मग पिंपळगावला, द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात अशा एका पॅकहाउसमध्ये लागली. आधी घड निवडायला होती, पुढे कॉम्प्युटरवर लेबलं काढायला बसवलं. तिथंच कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं आमचा गेम बघितला. कोर्स नाही, सर नाहीत, फ्रेम नाही. सेकंडहँड लॅपटॉप आणि चित्रं काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर.

मला सगळ्यात जास्त झोंबायच्या तिच्या हिरव्या छटा. मी भाताला चार हिरवे रंग वापरले होते आणि त्याचा मला अभिमान होता. तिच्या एका चौकोनात मी मोजले, अकरा. रोहितनं तिला विचारलं, एवढे हिरवे तुला दिसतात कसे? तिनं लिहिलं, "दिवसभर घड बघायचे असतात, कुठला मणी हिरवा, कुठला पिवळसर, कुठला उद्या पिवळा होईल. डोळ्याला सवय झाली." त्या उत्तराला छत्तीस लोकांनी अंगठा दिला. मी दिला नाही.

एक सांगते. जून-जुलै लागला की मला बरं वाटायचं. ज्योत्स्ना आवणीला, म्हणजे भातलावणीला गावी जायची, तिथे नेट धड नाही, दीड-दोन महिने तिच्याकडून काही यायचं नाही. तेवढे दिवस खाचराची मालकीण मी. भराभर चित्रं टाकायचे, रोहित "वा" म्हणायचा. ऑगस्टात ती परत आली की माझा तिळपापड सुरू. आणि तिचं वागणं असं साधं, की भांडावं तरी कशावरून? प्रत्येक निरोपात "वैष्णवीताई". प्रत्येक चित्र माझ्या तपासणीला यायचं आणि मी पंधरा-पंधरा दिवस लोंबकळत ठेवायचे. तिनं एकदाही आठवण करून दिली नाही.

मग २०२४च्या मार्चमध्ये तो काळा चौकोन आला.

तिनं पाठवलेल्या बदलाचं नाव होतं 'राब'. मी उघडलं तर समोर एक काळाठिक्कर चौकोन, राखेच्या कडा. खाली तिची सूचना, की गेमची सुरुवात इथून व्हावी. हिरव्यागार डोंगरावर, पहिल्याच पातळीत, जळालेलं शेत! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दोन वर्षांत पहिल्यांदा बाई चुकल्या होत्या. मी तिथल्या तिथे लिहिलं, "सुरुवातीलाच जळकं शेत चांगलं दिसत नाही. मुलं घाबरतील. बंद करत आहे." आणि बंद केलं. एरवी पंधरा दिवस घेणाऱ्या मला त्या दिवशी चार मिनिटं लागली.

तिचं उत्तर आलं, "बरं ताई."

राब म्हणजे काय, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर एका ओळीत कळलं असतं, पण मग ती मला शिकवणार आणि मी शिकणार, आणि ते सगळं कायमचं लिहिलेलं राहणार. कोण पत्करतो?

एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एकीच्या लग्नाला आम्ही पेठच्या रस्त्यानं निघालो. घाट चढताना खिडकीतून बघते तर उतारावर जागोजागी काळे चौकोन. अगदी तसेच. राखेच्या कडांसकट. चहाला थांबलो तिथल्या बाईंना, सगुणाबाई त्यांचं नाव, मी विचारलं, "इथे वणवा लागला होता का हो?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "वणवा कशाचा? राब भाजलाय तो. डहाळ्या, पाला, शेण टाकून भाजायचं. पाऊस पडला का त्यातच भाताचं बी टाकायचं. रोप तिथं होतं, मग आवणी. तुमच्याकडं रोप कुठं करतात?"

आमच्याकडे रोप बाल्कनीत करतात, असं काही मी सांगितलं नाही. चहा कसाबसा संपवला. नवरा म्हणाला, चेहरा का पडलाय, गाडी लागली का? मी हो म्हटलं.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? घरी येऊन लिहिलं असतं, ज्योत्स्ना, माझी चूक झाली, तुझा राब परत उघडते. दोन मिनिटांचं काम. मी काय केलं? घाटात मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून स्वतः राब काढला. तीन संध्याकाळी खपले. राखेला सहा छटा दिल्या. आणि माझ्याकडे किल्ली आहे, मला कुणाला विचारायचं नाही, म्हणून सरळ गेममध्ये घातला. खाली नाव, वैष्णवी. कायद्यानं चूक नाही, तिचा एक ठिपकाही मी घेतला नव्हता. तिचा बंद केलेला बदल रोहितनं बघितलाच नव्हता. तो म्हणाला, "भारी. असलं तुला सुचतं कसं?" त्रेचाळीस अंगठे आले. माझा आजवरचा विक्रम. चव्वेचाळिसावा तिचा होता. "छान झालाय ताई," असं लिहिलं होतं.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

पण माझा तो विक्रम मलाच भोवला. जूनपासून खेळणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. हा काळा चौकोन आहे तो कशासाठी? त्यातून उगवत काहीच कसं नाही? पाणी सोडलं तरी काळाच, नाही सोडलं तरी काळाच. सुरगाण्याच्या एका शाळेतल्या मुलांनी सरांच्या मोबाइलवरून लिहिलं, "राब नुसता भाजून ठेवलाय, बी कोण टाकणार?" मला पुढचं काही माहीतच नव्हतं. बी टाकल्यावर किती दिवसांनी रोप दिसतं, राख तेव्हा कशी दिसते, रोप उपटून नेल्यावर त्या जागेचं काय होतं? एका काळ्या चौकोनावर माझं ज्ञान संपत होतं. ज्योत्स्ना गावी होती, आणि ती परत आल्यावरही मी विचारलं नाही. "लवकरच सुधारणा करू" एवढंच सगळ्यांना चिकटवत राहिले.

दिवाळीनंतर रोहित घरी आला. त्याला बेंगळुरूच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि करारात अट होती, की बाहेरच्या कुठल्याही गेमचं काम करायचं नाही. तो त्याची किल्ली ठेवून जाणार होता.

"आता तू एकटी," तो म्हणाला. "दुसरं कुणी हवं. माझ्या मनात ज्योत्स्ना आहे. पण मी जातोय, मी कुणाला तरी तुझ्या डोक्यावर बसवून जाणं बरं नाही. नाव तू सुचव. नाही सुचवलंस तरी चालेल, तुझा निर्णय."

म्हणजे बघा. मी नुसतं गप्प बसायचं होतं. काही वाईट करायचं नव्हतं, कुणाला अडवायचं नव्हतं. गप्प बसले की खाचर माझं एकटीचं. आणि ती स्वतःहून मागू शकत नव्हती. दोन महिने मी मूग गिळून बसले. रोज रोहितनं विचारलं असतं तर चिडता तरी आलं असतं. त्यानं एकदाही विचारलं नाही.

जानेवारीत तक्रारी दोनशेच्या वर गेल्या, तेव्हा मी पिंपळगावला गेले. मनाशी ठरवून गेले, की राबाचं पुढचं तेवढं विचारून यायचं, किल्लीचं नाव काढायचं नाही.

पॅकहाउसमध्ये थंडीनं दात वाजत होते. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका, डोक्याला जाळीच्या टोप्या, हातात बारीक कात्र्या. द्राक्षांच्या क्रेट्स पुढे सरकत होत्या. मी मनात तिचं एक चित्र काढून ठेवलं होतं, उंच, करारी, डोळ्यांत काहीतरी. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या लेबलांच्या मशीनमागून एक ठेंगणी, हसरी मुलगी उठली आणि टोपी काढत धावत आली. सव्वीस-सत्तावीसची असेल.

"वैष्णवीताई, तुम्ही? एवढ्या लांब? सांगायचं ना, मी आले असते."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर टेम्पोंच्या सावलीला बसलो. तिनं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि ठेचा पुढे केला. मी लगेच कामाचं काढलं. म्हटलं, राबाचं जरा विचारायचं होतं, भाजल्यावर पुढे काय काय होतं?

ती म्हणाली, "तेच तर काढलं होतं ना, ताई."

"तो काळा चौकोन ना? बघितला मी."

"त्याच्याखाली अजून सहा होते." तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. "मी काढताना काळ्यापासून सुरुवात केली, म्हणून तो पहिला दिसत असंल. बाकीचे बघायला खालचं बटन दाबायला लागतं. तुम्ही पहिलंच बघितलं व्हय?"

तिनं एकेक दाखवायला घेतलं. जमिनीवर पसरलेल्या डहाळ्या. त्यावर पाला आणि शेण. वर मातीचा थर. मग जाळ, बारीक, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवलेला. मग माझ्या ओळखीचा काळा चौकोन. मग त्याच राखेतून वर आलेलं रोप, पोपटी, इतकं दाट की राख दिसेना. आणि शेवटच्यात रोप उपटून नेल्यावर उरलेली ओली जमीन, त्यात बायकांच्या पावलांचे ठसे. सात चौकोन ओळीनं लावून तिनं ते चालवून दाखवले. काळ्यावर हिरवं चढलं तेव्हा माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"पावलं आयची हायेत," ती म्हणाली. "तिचा डावा पाय थोडा तिरका पडतो, तसाच काढला. गावी तिला दाखवलं होतं. लय हसली."

"मी बंद केल्यावर काय म्हणाली?"

"तिला नाय सांगितलं."

मला तिच्या तोंडात एक मारावीशी वाटली, खरंच. एवढं चांगलं माणसानं असू नये समोरच्याच्या नाकावर टिच्चून. मी विचारलं, "मग तू मला लिहिलं का नाहीस, बाकीचे सहा बघा म्हणून? भांडायचंस ना."

ती लॅपटॉपचं झाकण लावत म्हणाली, "ताई, इथं घड बाद केला तर सुपरवायझर तरी उलटसुलट करून बघतो. तुम्ही नाय बघितलं. मग मला वाटलं, तुम्हाला माझं काही बघायचंच नाय. त्याला काय भांडणार?" हे तिनं हसतच सांगितलं. मग घंटा झाली, ती टोपी घालून आत गेली आणि भाकरीचा डबा माझ्याजवळ विसरली.

परतीच्या बसमध्ये मला स्वतःची एवढी लाज वाटली, की ओझरपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. तिचा हेवा कमी झाला असं मात्र कुणी समजू नये. आईचं तिरकं पाऊल बत्तीस ठिपक्यांत काढता येतं, हे बघून तो दुप्पट झाला होता.

घरी पोचल्या पोचल्या, चप्पल काढायच्या आधी, कॉम्प्युटर लावला. माझा काळा चौकोन काढून टाकला. तिचा बंद केलेला बदल परत उघडला, खालचं बटण दाबलं, सातही चौकोन एकेक करून बघितले आणि गेममध्ये घेतले. खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "हे मार्चमध्येच यायला हवं होतं. मी न बघता बंद केलं. नंतर याच कल्पनेवर स्वतःचं चित्र काढून स्वतःचं नाव लावलं. राब ज्योत्स्नाचा आहे." आणि मग नवी किल्ली कुणाला, त्या जागी तिचं नाव सुचवलं. ते सगळं आता तिथे कायमचं आहे. चव्वेचाळीस अंगठे गेले. सासूबाईंनी विचारलं, जेवणार आहेस का नाही?

मला वाटलं, आता निदान मोठेपणा तरी पदरात पडेल. चार दिवस लोकांनी कौतुकही केलं, "किती प्रामाणिक" वगैरे. पाचव्या दिवशी मी एक नवं चित्र टाकलं, वरच्या खाचरातून खालच्यात पडणारं पाणी, फेसासकट. महिनाभर त्यावर घालवला होता. माझ्याकडे किल्ली असली तरी या वेळी सरळ गेममध्ये न घालता ते तपासायला ज्योत्स्नाकडे पाठवलं. किल्ली मिळाल्यावरचं तिचं पहिलंच काम.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला तिचं उत्तर आलं. "ताई, सगळ्या फाइली दोनदा बघितल्या. फेस लय चांगला आहे, तो ठेवा. पण वरचा बांध तुम्ही बंद दाखवलाय, मग पाणी येतंय कुठून? आणि पडलेल्या पाण्याखाली खड्डा पडतो, तो हवा. एवढं करून परत पाठवा. वाट बघते."

माझं चित्र नापास. ते लिहिलेलंही कायमचं तिथे राहणार. मी खुर्चीत बसून तिला चांगल्या दोन-चार शिव्या दिल्या. मग चित्र मोठं करून बघितलं. बांध खरंच बंद होता.

चार वर्षांत माझं चित्र कुणी दोनदा बघितलं नव्हतं. मी खड्डा काढायला घेतला.